परका सल्लागार आणि गिरणीचा धनी

घरचा हिशेब परक्या माणसाला दाखवूं नये, असें आपल्याकडील व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या मानलें गेलें आहे. वैद्याला नाडी दाखवावी, वकिलाला कागद दाखवावे. पण दुकानाची वही दाखवावी ती भावाला किंवा मुलाला. अशा समजुतींत वाढलेल्या एखाद्या गिरणीवाल्याच्या दारांत कोणी शिकलेला तरुण येऊन उभा राहतो आणि आपल्या कारखान्यांत काय बिघडलें आहे तें दाखवितों असें म्हणतो, तेव्हां त्या धन्याच्या मनांत पहिला विचार कोणता येत असेल? ज्यानें जन्मांत एकदांहि माग चालविला नाहीं तो मला काय शिकविणार, हाच. आणि हा विचार मुळींच गैर नाहीं. व्यवसायाच्या बाहेरून येऊन व्यवसायाच्या चालकांना सल्ला देणें हा आतां जगांतील एक मोठा धंदा झाला आहे. परंतु सल्ल्यानें खरोखर कांहीं होतें काय, हें त्या धंद्याला आजवर फार थोड्यांनीं रोखून विचारलें आहे. तसें विचारण्याचा एक विलक्षण प्रयत्न मुंबईपासून कांहीं तासांच्या अंतरावर, तारापूर आणि उंबरगांव येथील कापडाच्या कारखान्यांत झाला.

त्या प्रयत्नाकडे वळण्यापूर्वीं या धंद्याचें मूळ थोडें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर या एंजिनियरानें १८९३ सालीं कारखानदारांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. १८९८ पासून बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत त्यानें मजुरांच्या एकेका हालचालीला घड्याळ लावलें, आणि १९०१ सालीं त्या कारखान्यानें त्यालाच निरोप दिला. जेम्स मॅकिन्सी हा हिशेबशास्त्राचा प्राध्यापक. त्यानें १९२६ सालीं शिकागोंत आपली पेढी काढली. १९३५ सालीं मार्शल फील्ड या त्या शहरांतील प्रख्यात व्यापारी संस्थेच्या चालकांनीं त्याला आपला कारभार तपासावयास बोलाविलें. घाऊक व्यापार आटोपता घ्यावा असा सल्ला त्यानें दिला, तेव्हां चालकांनीं त्यालाच अध्यक्षाच्या खुर्चीवर बसविलें. सल्लागार धनी झाला. स्वतःच्या सल्ल्याचे कटु परिणाम स्वतःच्या सहीनें घडवून आणणें त्याच्या वांट्याला आलें. आणि दोन वर्षांनीं, १९३७ सालीं, तो न्यूमोनियानें वारला. बहुतेक सल्लागारांवर असा प्रसंग येत नाहीं. त्यांचें बिल चुकतें होतें, आणि पुढें काय झालें हें पाहण्यास ते तेथें नसतात.

मुंबईच्या गिरणगांवांत तर ‘कार्यक्षमता’ या शब्दालाच एक कडवट इतिहास आहे. १९२८ च्या एप्रिलपासून सुमारें सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या मुळाशीं जीं गाऱ्हाणीं होतीं, त्यांतील एक मोठें गाऱ्हाणें असें होतें कीं, दोन माग सांभाळणाऱ्या विणकऱ्याला तीन माग सांभाळावयास लावलें जात आहे, आणि या प्रकाराला शास्त्रीय सुधारणा असें गोंडस नांव दिलें जात आहे. सुधारणेचा भार सर्वांत खालच्या माणसाच्या पाठीवर, आणि वरच्या माणसाला मात्र कोणी कांहीं विचारावयाचें नाहीं, असा तो न्याय होता. अहमदाबादच्या कॅलिको गिरणींत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनीं १९५३ सालीं निराळी वाट धरली. तेथील स्वयंचलित मागांच्या खात्यांत एकेका मागाशीं अनेक प्रकारच्या कामगारांचा संबंध येई, पण एखादा माग नीट चालला नाहीं तर उत्तर कोणीं द्यावयाचें हें कोणासच सांगतां येत नसे. ठराविक माग एका लहानशा गटाकडे संपूर्णपणें सोंपवावे, असें राइस यांनीं सुचविलें. आणि ही कल्पना कामगारांनीं इतकी उचलून धरली कीं, गट कसे पाडावे हें त्यांनीं आपापसांतच ठरवून टाकलें. जबाबदारी म्हणजे शिक्षा नव्हे, कोणतें काम कोणाचें हें स्पष्ट असणें होय, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे.

पण राइस यांच्या यशालाहि एक शंका चिकटलेलीच राहते, आणि ती सर्वच सल्लागारांच्या यशाला चिकटते. गिरणी सुधारली ती सल्ल्यानें, कीं बाजार तेजींत आला म्हणून? जो धनी मुळांतच सावध असतो तोच सल्लागाराला बोलावितो. मग श्रेय सल्ल्याचें कीं सावधपणाचें? औषधाच्या बाबतींत ही शंका फेडण्याची रीत ठरलेली आहे. सारख्या प्रकृतीच्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करावयाचे, एका भागाला औषध द्यावयाचें, दुसऱ्याला नाहीं, आणि दोघांची नाडी पाहात राहावयाचें. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी आणि जॉन रॉबर्ट्‌स या पांच अर्थशास्त्रज्ञांनीं हीच रीत गिरण्यांना लावावयाचें ठरविलें. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँक यांचें पाठबळ त्यांना होतें. २००८ सालीं काम सुरू झालें, आणि २०१३ सालीं त्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध झाला.

तारापूर आणि उंबरगांव हीं ठिकाणें महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेच्या दोन अंगांना वसलेलीं. तेथें सूत विकत घेऊन सदऱ्याचें आणि सुटाचें कापड विणणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. अशा ६६ कंपन्यांना विचारण्यांत आलें. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार पेढीचे मुंबईंतील लोक येऊन कित्येक महिने काम करणार होते, आणि त्याबद्दल एक पैसाहि द्यावयाचा नव्हता. तरीहि होकार दिला तो १७ कंपन्यांनीं. फुकटच्या वैद्याला नाडी दाखविण्यासहि चारांपैकीं तीन घरें तयार झालीं नाहींत! या कंपन्या लहान नव्हत्या. सरासरीनें सुमारें २७० माणसें एकेका कंपनींत कामाला, आणि सगळ्यांचा कारभार कुटुंबाच्या हातांत. त्यांचे २० कारखाने प्रयोगांत घेतले गेले. सर्वांची एक महिना तपासणी झाली; त्यांपैकीं १४ कारखान्यांना पुढें चार महिने प्रत्यक्ष साहाय्य मिळालें, आणि उरलेले ६ तुलनेसाठीं तसेच सोडले गेले.

तपासणींत जें दिसलें तें गिरणीचा दरवाजा ओलांडलेल्या कोणालाहि नवें वाटणार नाहीं. वाटेंत पडलेलीं हत्यारें, यंत्राखालीं सांडलेलें तेल, आणि सुट्या भागांच्या खोलींत सर्वच भागांची खिचडी. गुदामांत सुताच्या गोण्यांवर गोण्या रचलेल्या. कोणती कोणत्या रंगाची आणि केव्हां आलेली, याची चिठ्ठी नाहीं. कांहीं ओल लागून खराब झालेल्या, कांहींच्या आंतील कोन वरच्या वजनानें चेंगरलेले, म्हणजे तें सूत पुन्हां गुंडाळणें आलेंच. विणून आलेल्या कापडांतील दोष शोधणें आणि ते दुरुस्त करणें, या एकाच कामाला कारखान्यांतील जवळजवळ पांचवा हिस्सा माणसें जुंपलेलीं होतीं. मौज अशी कीं, दोषांची नोंद बहुतेक ठिकाणीं होत होती. परंतु ती नोंद ठेवली जाई ती गिऱ्हाइकानें तक्रार केली तर दाखवावयास कागद असावा म्हणून. त्या वहींतून दोष कशामुळें होतो हें शोधून काढावें, असें कोणास वाटलें नव्हतें.

सल्लागारांनीं आणलेली यादी ३८ रीतींची होती. तींत थक्क करणारें कांहींच नाहीं. यंत्रांची वेळच्या वेळीं देखभाल करावी, ती केल्याची नोंद असावी; प्रत्येक पाळीचें उत्पादन सर्वांना दिसेल असें फळ्यावर लिहावें; दोषांची प्रकारवार नोंद करून ती रोज पाहावी; सुताला चिठ्ठी आणि जागा असावी; उरलेल्या रंगांच्या सुताचे नमुने नवे कापड आंखणाऱ्यांकडे पाठवावे, म्हणजे तें सूत वापरांत येईल, आणि जें येणार नाहीं तें विकून टाकावें; चांगलें काम करणाऱ्याला कांहीं अधिक मिळावें. शहाण्या गृहिणीच्या कोठीघरांत यांतील निम्म्या गोष्टी न सांगतां होत असतात. प्रयोगापूर्वीं या ३८ पैकीं सुमारें एकचतुर्थांश रीतीच कारखान्यांत रूढ होत्या.

मग एवढ्या साध्या गोष्टींसाठीं परका माणूस कशाला हवा? याचें उत्तर यादींत सांपडत नाहीं. तें रोजच्या सभेंत सांपडतें. खातेप्रमुखांनीं रोज थोडा वेळ एकत्र बसावें आणि आदल्या दिवशींचे आंकडे समोर ठेवून बोलावें, ही या पद्धतीची नाडी होती. समजा, कापडावर तेलाचे डाग पडत आहेत. पूर्वीं असा प्रश्न निघाला कीं विणकाम-प्रमुख म्हणे सुताचा दोष, गुदामवाला म्हणे हवेचा दोष, आणि दोघेहि शेवटीं कामगारावर येऊन थांबत. आतां कागद समोर आहे. पंधरा दिवसांच्या नोंदींत डाग जर त्याच दोन मागांवर पडलेले दिसत असतील, तर हवेचें नांव घेतां येत नाहीं. मग प्रश्न दुरुस्ती-प्रमुखाकडे जातो, कीं या मागांची देखभाल केव्हां झाली? तो सांगतो कीं सुटा भाग मिळाला नाहीं. का मिळाला नाहीं? मागणीच्या कागदावर सही झाली नाहीं. सही कोणाची राहिली? येथें खोलींत थोडी शांतता पसरणार हें उघड आहे, कारण सही करणारा स्वतः धनीच असतो. हा शेवटचा प्रश्न नोकर विचारूं शकत नाहीं, आणि मुलगा विचारीत नाहीं. तो विचारावयास ज्याला या घराकडून पगारवाढहि नको आणि वारसाहि नको, असाच कोणी लागतो. १९२८ सालीं जी ‘कार्यक्षमता’ फक्त खालीं उतरत होती, ती येथें पायऱ्या चढून वर जाऊं लागली, हा मोठाच फरक आहे.

परिणाम मोजले गेले. साहाय्य मिळालेल्या कारखान्यांत रूढ झालेल्या रीतींचें प्रमाण साठ टक्क्यांच्या पलीकडे गेलें. नुसती तपासणी झालेल्या कारखान्यांतहि थोडी वाढ झाली, पण ती फार कमी. कापडांतील दोष चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. गुदामांत अडकून पडलेला माल सुमारें पांचव्या हिश्श्यानें उतरला, आणि उत्पादन नऊ-दहा टक्क्यांनीं चढलें. सर्व मिळून उत्पादकता पहिल्या वर्षांत १७ टक्क्यांनीं वाढली असा निष्कर्ष निघाला. दर कारखान्यामागें वर्षाला सुमारें तीन लाख डॉलरांचा नफा अधिक होईल असा अंदाज बांधण्यांत आला. सल्लागार पेढीचें बाजारभावानें होणारें बिल सुमारें अडीच लाख डॉलर धरलें, तरी हा सौदा वर्षाच्या आंत फिटतो. तीन वर्षांच्या आंत यांपैकीं कांहीं धन्यांनीं आणखी कारखाने उघडले. अर्थात् हा सर्व हिशेब धन्याच्या बाजूचा आहे. डाग काढीत बसणाऱ्या माणसाच्या घरीं त्या १७ टक्क्यांतलें काय पोंचलें, हा प्रश्न त्यांत मोजला गेलेला नाहीं, आणि तो विचारला जावयास हवा होता.

एवढा लाभ समोर पडलेला असतां धन्यांनीं तो पूर्वींच का उचलला नव्हता? आळस हें उत्तर सोपें आहे, पण खरें नाहीं. हे लोक सकाळपासून रात्रीपर्यंत कारखान्यांत असत. कांहीं रीती त्यांच्या कानांवरच आल्या नव्हत्या. ज्या आल्या होत्या त्या त्यांना निरुपयोगी वाटत. आपला माल शेजाऱ्याच्या मालाइतका चांगला आहे, धंदा नफ्यांत चालला आहे, मग मोजमाप कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेजारीहि मोजीत नव्हता, ही गोष्ट त्या युक्तिवादांत धरलेली नव्हती. शिवाय परदेशी कापडावरील जकात जबर, आणि नवा कारखाना उभा करावयास भांडवल फार. तेव्हां ढिला कारभार असूनहि बुडण्याचें भय बेताचेंच होतें.

पण या वृत्तांतांतील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. चांगल्या कारभाराची कंपनी वाढते आणि वाईट कारभाराची आक्रसते, असें अर्थशास्त्राचें पुस्तक सांगतें. येथें तसें दिसेना. मग कंपनी किती मोठी होणार हें कशावरून सांगतां येई? धन्याच्या कुटुंबांत पुरुष माणसें किती, यावरून! दोन भाऊ आणि तीन मुलगे असले तर कारखाने वाढत. एकुलता एक मुलगा असला तर धंदा एका कारखान्यावर थांबे, मग तो कितीहि चांगला चालो. कारण किल्ली परक्याच्या हातीं द्यावयाची नाहीं. व्यवस्थापक सूत चोरील, गिऱ्हाइकाशीं परस्पर संधान बांधील, आणि कोर्टांत गेलें तर निकाल लागेपर्यंत नातू मोठे होतील, हें भय धन्याच्या मनांत घर करून बसलेलें असतें. हें भय वेडगळ म्हणतां येणार नाहीं. ज्याच्या हातून माल निसटतो त्यालाच तें कळतें. आणि मुली? त्यांची गणना या हिशेबांत जवळजवळ होतच नव्हती. अर्धें घर असें हिशेबाबाहेर ठेवून जे धनी माणसें पुरत नाहींत म्हणून हळहळत, त्यांना हें कोणीं तरी बोलून दाखवावयास हवें होतें. पण तें ३८ रीतींच्या यादींत नव्हतें.

रोजच्या आंकड्यांचें खरें मोल या भयाच्या संदर्भांत समजतें. जोंपर्यंत सूत मोजलेलें नाहीं, तोंपर्यंत त्यावर नजर ठेवावयास नात्याचा माणूसच हवा. तें मोजलें गेलें, ताक्यांचा आणि दोषांचा हिशेब रोज टेबलावर येऊं लागला, कीं परक्या व्यवस्थापकाकडे पाहण्याची दृष्टि बदलण्यास वाव मिळतो. तो प्रामाणिक आहे कीं नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावरून ताडीत बसावें लागत नाहीं. साहाय्य मिळालेल्या कारखान्यांत धन्यांनीं व्यवस्थापकांना पूर्वींपेक्षां अधिक निर्णय सोंपविले, असें पुढें आढळून आलें. जाब विचारण्याची सोय झाली, तेव्हां विश्वास टाकण्याची सोय झाली. वरवर पाहतां हें उलट वाटतें. परंतु ज्या नोकराच्या कामाचें मोजमाप नाहीं त्याच्यावर संशय घेणें सोपें असतें, आणि त्या संशयाचें निरसन करण्यास त्या बिचाऱ्याजवळ कांहीं साधनहि नसतें. प्रामाणिक व्यवस्थापकाला हा कागद धन्याइतकाच उपयोगी पडतो.

आतां पुढील कथा. प्रयोग सुरू झाल्यानंतर नऊ वर्षांनीं, २०१७ सालीं, हेच संशोधक पुन्हां त्या कारखान्यांत गेले. साहाय्याच्या काळांत घेतलेल्या रीतींपैकीं सुमारें निम्म्या सुटून गेल्या होत्या. सुटण्याचीं कारणें विचारलीं असतां दोन पुनःपुन्हां पुढें आलीं. ज्या व्यवस्थापकानें ती रीत बसविली होती तो नोकरी सोडून गेला, हें एक. आणि धन्याला तिकडे पाहावयास वेळ राहिला नाहीं, हें दुसरें. तरीहि ज्यांना साहाय्य मिळालें होतें ते कारखाने न मिळालेल्यांच्या बरेच पुढें होतेच. निम्मी पडझड हें अपयश म्हणावें कीं नऊ वर्षें टिकलेला निम्मा भाग हें यश म्हणावें, हें ज्याच्या त्याच्या अपेक्षेवर आहे. सात-आठशें तास एका कारखान्यांत घालवून निघून गेलेल्या परक्या माणसांच्या हातून एवढें उरलें, ही गोष्ट लहान मानतां येणार नाहीं. अहमदाबादच्या त्या जुन्या गटपद्धतीचेंहि असेंच झालें होतें. १९७० सालीं राइस यांचे सहकारी एरिक मिलर तेथें परत गेले, तेव्हां कांहीं खात्यांत ती पद्धत विरून गेलेली होती; एका खात्यांत मात्र ती जवळजवळ जशीच्या तशी चालू होती.

तारापूर-उंबरगांवच्या दुसऱ्या भेटींत आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. ज्या कंपनीच्या एका कारखान्यांत सल्लागार बसले होते, तिच्याच दुसऱ्या कारखान्यांत, जेथें ते कधीं गेलेच नव्हते तेथें, यांतील पुष्कळ रीती पोंचल्या होत्या. फळे टांगले गेले होते, सुताला चिठ्ठ्या लागल्या होत्या. परंतु एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे त्या क्वचितच गेल्या. भिंतीला भिंत लागून असलेल्या धंद्यांत जुन्या यंत्राचा भाव, सुताचा दर आणि कोणाचा हुंडीव्यवहार अडला याची वार्ता संध्याकाळच्या आंत सर्वांना कळत असते. शेजारच्या आवारांत रोज सकाळीं आठ-दहा माणसें कागद घेऊन कशासाठीं बसतात, हें विचारावयास मात्र नऊ वर्षांत फारसें कोणी गेलें नाहीं.